जुने फ्रिज, वॉशिंग मशीन दुरुस्त करून विकताय? खान्देशातल्या छोट्या दुकानदारासाठी कागदांची वाट

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी महिनाभर जळगाव-धुळ्यात जुन्या फ्रिजला आणि कूलरला जी मागणी येते, ती ज्यानं एकदा पाहिली त्याच्या डोक्यात हा धंदा बसतोच. आयटीआय झालेलं पोरगं, गावातलं रिपेअरिंगचं दुकान, हाताला कसब. मग दुसऱ्याचे फ्रिज दुरुस्त करत बसण्यापेक्षा जुना घ्यावा, नीट करावा आणि विकावा, हा हिशेब सरळ आहे. तिढा कागदांत पडतो. कुणी म्हणतो काहीच लागत नाही, कुणी म्हणतो प्रदूषण मंडळाचं लायसन नसेल तर दुकानाला सील लागेल. दोन्ही अर्धसत्य आहेत. ज्या क्रमानं गेलं की खेटे वाचतात, तो क्रम इथे मांडतोय.

## १. आधी आपलं काम कोणतं ते ठरवा

कायद्याच्या नजरेत तुमचं दुकान तीनपैकी एका खान्यात बसतं, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

पहिला खाना: गिऱ्हाईक वस्तू आणतं, तुम्ही दुरुस्त करता, ते घेऊन जातं. मालकी त्याचीच. ही नुसती सेवा झाली.

दुसरा खाना: तुम्ही जुनी वस्तू विकत घेता, दुरुस्त करता आणि बाजारात विकता. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये अशाला रिफर्बिशर म्हटलंय. वापरलेली वस्तू दुरुस्त करून तिचं आयुष्य वाढवायचं, ज्या कामासाठी बनली त्याच कामासाठी ती पुन्हा विकायची, अशी ही व्याख्या आहे. हा लेख मुख्यतः या खान्यातल्यांसाठी आहे.

तिसरा खाना: वस्तू फोडायची, तांबं वेगळं, कॉम्प्रेसर वेगळा, पत्रा वेगळा करून विकायचा. या वाटेला जाऊ नका. हे रिसायकलिंगचं काम आहे, त्याला वेगळी परवानगी, वेगळी जागा आणि बरंच भांडवल लागतं. खराब फ्रिजमधून एखादा चालू थर्मोस्टॅट काढून दुसऱ्यात बसवणं हा दुरुस्तीचाच भाग. पण महिन्याला टेम्पोभर फ्रिज फोडून भंगार विकू लागलात, तर पाटीवर 'रिपेअरिंग' लिहिलेलं असलं तरी कुणी ऐकणार नाही.

हे नियम २ नोव्हेंबर २०२२ ला अधिसूचित झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. २०१६ च्या जुन्या नियमांत २१ वस्तू होत्या. नव्या यादीत १०६ आहेत. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी आधीपासून होतेच, आता पंखे, मायक्रोवेव्ह, इस्त्री अशा रोजच्या वस्तूही आल्या. म्हणून कुणी २०१६ च्या नियमाची झेरॉक्स हातात दिली तर ती बाजूला ठेवा.

## २. सूक्ष्म उद्योगाची सूट नीट समजून घ्या

हीच गोष्ट अर्ध्या लोकांना माहीत नसते आणि उरलेल्यांना अर्धीच माहीत असते.

२०२२ चे नियम सूक्ष्म उद्योगाला लागू नाहीत, असं नियमांतच स्पष्ट लिहिलंय. आणि १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योग म्हणजे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १० कोटींपर्यंत. अमळनेर, शहादा, चाळीसगावकडचं कुठलं रिपेअरिंगचं दुकान या रेषेच्या वर जाईल? म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर रिफर्बिशर म्हणून नोंदणी करण्याची सक्ती बहुतेक वाचकांवर नाही.

पण ही सूट सिद्ध करायला हातात कागद हवा, आणि तो म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची ऑनलाइन नोंदणी. तोंडी 'मी छोटा माणूस आहे' म्हणून भागत नाही.

शिवाय सूट फक्त या एका नियमावलीपुरती आहे. बॅटऱ्यांना बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ वेगळे आहेत. पाणी आणि हवा प्रदूषणाचे कायदे वेगळे. उघड्यावर वायर जाळली तर पर्यावरण संरक्षण कायदा आहेच. त्यातली दंडाची रक्कम आता १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत जाते. तिथे उद्यमचं प्रमाणपत्र दाखवून सुटका नाही.

## ३. पायाचे कागद

या क्रमानं काढा:

- पॅन आणि आधार, मोबाइल नंबर जोडलेला. ओटीपी जुन्या बंद नंबरवर जात असेल तर सगळं तिथेच अडतं.
- जागेचा कागद: भाडेकरार किंवा घरपट्टीची पावती. गावात असाल तर ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला.
- शॉप ॲक्ट, म्हणजे आपला गुमास्ता. २०१७ च्या कायद्यानंतर एक-दोन कामगारांच्या दुकानाला पूर्वीसारखी नोंदणी आणि नूतनीकरण नाही. व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती जपायची.
- उद्यम नोंदणी.
- दुकानाच्या नावानं चालू खातं.
- जीएसटी, लागत असेल तर. त्याबद्दल पुढे.

उद्यमबद्दल दोन गोष्टी. एक, ती पूर्ण मोफत आहे. सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या खासगी साइट हजार-दोन हजार उकळतात. ऑनलाइन जमत नसेल तर जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हा उद्योग केंद्रात जा, मदत होते.

दुसरी जास्त महत्त्वाची. अर्जात व्यवसायाचा एनआयसी कोड, म्हणजे कामाच्या प्रकाराचा सरकारी क्रमांक, निवडावा लागतो. सायबर कॅफेवाला घाईत 'किरकोळ विक्री' टाकून मोकळा होतो. तसं होऊ देऊ नका. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते खरी, पण तिचा लाभ प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच ठेवलाय. तुमचं मुख्य काम दुरुस्ती आहे. म्हणून घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचा गट ९५२२ आणि टीव्ही वगैरेंसाठी ९५२१ आधी घ्या. जुन्या वस्तूंच्या विक्रीचा ४७७४ त्याच्या जोडीला. अशानं तुम्ही सेवा देणारा सूक्ष्म उद्योग ठरता आणि वरच्या सुटीला पाया मिळतो.

## ४. प्रदूषण मंडळाचं काय?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची कार्यालयं जळगावात आणि धुळ्यात आहेत. मंडळ उद्योगांना रंगांत विभागतं. लाल, नारिंगी, हिरव्या गटाला संमतीपत्र लागतं. पांढऱ्या गटाला संमती नाही, फक्त कळवायचं असतं. नुसतं स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरिंग, मोटर बदलणं अशा कोरड्या कामात धूर नाही, सांडपाणी नाही. पण फ्रिजच्या बॉडीला स्प्रेनं रंग मारायला लागलात की गाडी हवा कायद्याकडे वळते. जुने पत्रे ॲसिडनं धुतलेत की पाणी कायद्याकडे.

माझा सल्ला: रंगकाम दुकानात करूच नका. ते गॅरेजवाल्याकडे द्या. एका कॉम्प्रेसर-स्प्रेगनपायी पूर्ण संमतीपत्राचं प्रकरण अंगावर घेण्यात शहाणपण नाही.

मंडळाला एक साधं पत्र द्या. त्यात कामाचं वर्णन, जागेचं क्षेत्रफळ, कामगार, रंगकाम आणि धुणं होत नाही हे वाक्य, आणि उद्यमची प्रत. आवक शिक्का मारून घ्या. उत्तर येवो न येवो, उद्या कुणी तक्रार केली तर आपण लपून काही करत नव्हतो, हे तो शिक्का सांगतो.

## ५. खरेदीची वही

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. कचऱ्याच्या नियमातून सुटलात तरी चोरीच्या मालाच्या कलमातून सूक्ष्म उद्योग सुटत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ चोरीचा माल घेणाऱ्याबद्दल आहे, आणि जुन्या वस्तूंचा धंदा म्हटलं की पोलीस चौकशीला आधी आपल्याच दारात येतात.

प्रत्येक वस्तूमागे वहीत एक ओळ: तारीख, विकणाऱ्याचं नाव-गाव, फोन, कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, आली तेव्हाची अवस्था, दिलेली किंमत, पैसे कसे दिले. जमेल तिथे यूपीआयनं द्या. नोंद आपोआप राहते. ओळखपत्राची प्रत घ्या, पण आधार घेत असाल तर शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकलेलंच घ्या. दुसऱ्याच्या आधारच्या झेरॉक्स दुकानात उघड्या पडणं हाही धोकाच.

आणि या मजकुराच्या कागदावर सही घ्या:

'वरील वस्तू माझ्या मालकीची असून तिच्यावर कोणतंही कर्ज किंवा हप्ता बाकी नाही. ती वापरण्याजोगी / दुरुस्तीयोग्य असून मी ती स्वखुशीनं दुरुस्ती व पुनर्विक्रीसाठी विकत आहे.'

यातला हप्त्याचा मुद्दा विसरू नका. हल्ली टीव्ही-एसी निम्मे हप्त्यावरच घेतलेले असतात. वसुलीवाला येतो तेव्हा वस्तू तुमच्या दुकानात सापडते.

'दुरुस्तीयोग्य' हा शब्दही मुद्दाम आहे. टाकून दिलेली वस्तू म्हणजे ई-कचरा. दुरुस्तीसाठी घेतलेली वस्तू म्हणजे जुना माल. दुकानात बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, फरक तुमच्या कागदात असतो. म्हणून माल आला की तीन जागा करा: 'तपासायचा', 'दुरुस्तीत', 'निकामी'. निकामी ठरलं की त्याच दिवशी वहीत शेरा मारा आणि वस्तू तिसऱ्या जागेत हलवा. दुकानामागे पावसात भिजणारा फ्रिजचा ढीग कुणाला जुना माल वाटेल?

सुरतहून किंवा बऱ्हाणपूरहून माल आणणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. राज्याबाहेरून ५० हजारांवरचा माल येत असेल तर ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. घर बदलताना नेलेल्या वापरत्या सामानाला सूट आहे, पण दहा वॉशिंग मशीन भरलेला टेम्पो 'घरसामान' आहे हे नवापूरच्या नाक्यावर कुणाला पटणार नाही.

काही गोष्टी स्वस्तात मिळाल्या तरी घेऊ नका. जुने डबा टीव्ही त्यात पहिले: त्यांच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, विकले जात नाहीत आणि टाकताही येत नाहीत. परदेशातून कंटेनरनं आलेल्या वापरलेल्या एसीचे 'लॉट' हे दुसरे. वापरलेली विद्युत उपकरणं आयात करायला केंद्राची परवानगी लागते, आणि ती विकणाऱ्याकडे आहे की नाही हे तुम्ही तपासू शकत नसाल तर दूर राहा.

## ६. गॅस, बॅटरी, सिलिंडर

फ्रिजच्या मागची पाटी आधी वाचा. २००३ च्या आधीच्या फ्रिजमध्ये आर-१२ गॅस असू शकतो. त्या तारखेनंतर नव्या फ्रिजमध्ये तो वापरायला बंदी आली. तो आणि जुन्या एसीतला आर-२२ हे दोन्ही ओझोन थराला मारक, त्यांना २००० सालचे ओझोन-नाशक पदार्थांचे नियम आहेत. आर-२२ भारतात टप्प्याटप्प्यानं बंद होतोय, म्हणून आर-२२ चे एसी विकायला घेताना पुढच्या गॅसचा विचार करा. नळी कापून गॅस हवेत सोडायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. गॅस परत गोळा करणारं रिकव्हरी मशीन महाग वाटतं, पण दोन-तीन मेकॅनिकनी मिळून घेतलं तर परवडतं.

आजकालच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए असतो. तो म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा वायू. बंद खोलीत, नळीत गॅस असताना ब्रेझिंगची (नळीचे सांधे जोडायची) ज्योत लावली तर काय होईल ते सांगायला नको. दार-खिडकी उघडी, गॅस आधी बाहेर काढलेला, मगच टॉर्च. आर-६००ए च्या फ्रिजमध्ये दुसरा गॅस भरून 'चालतंय की' म्हणणारे उस्ताद भेटतील. त्यांच्याकडून ब्रेझिंगची सफाई शिका, हे नको. ब्रेझिंगला घरातला लाल सिलिंडर तर अजिबात वापरू नका. दुकानात व्यावसायिक सिलिंडरच हवा.

इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या अदलाबदलीत येतात. त्यांचं पाणी गटारात ओतणं, शिसं वितळवणं या गोष्टी दुकानाच्या आसपासही नकोत. आहे तशी बॅटरी, उभी, डीलरकडे किंवा नोंदणीकृत बॅटरी रिसायकलरकडे, पावती घेऊन.

## ७. निकामी माल कुठे द्यायचा

इथे खरी अडचण आहे, लपवण्यात अर्थ नाही. नोंदणीकृत रिसायकलर मोठ्या शहरांच्या पट्ट्यात जास्त आहेत. तुमचे चार पीसीबी (सर्किट बोर्ड) आणि दोन मोटरी न्यायला कुणी शिरपूरला येणार नाही. आणि कोपऱ्यावरचा भंगारवाला रोख पैसे देतो.

मार्ग एकच, एकत्र या. तालुक्यातल्या पाच-सहा दुकानांनी माल कोरड्या जागी साठवला की टेम्पोभर होतो. नियमात साठवणुकीची मुदत १८० दिवस आहे. सूट असली तरी हीच मुदत पाळा, कारण याच्या पुढे ढीग हा ढीगच दिसतो. रिसायकलर निवडताना केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवरच्या यादीत त्याचं नाव आहे का, नोंदणीची मुदत संपली नाही ना, आणि तुम्ही देताय त्या प्रकारच्या वस्तूंसाठी ती आहे का, हे तीन बघा. गोळा करून नेणारा एजंट 'आमचं लायसन आहे' म्हणत असेल तर नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते वाचा.

माल एकत्र गेला तरी पावती प्रत्येक दुकानाच्या नावानं वेगळी, वजनासकट घ्या. भंगारवाल्यापेक्षा दर कमी मिळेल. पत्र्याचं, लोखंडी स्टँडचं भंगार वेगळं विकून ती तूट थोडी भरते.

## ८. विक्रीचं बिल आणि जीएसटी

'भो, हाई फ्रिज कितलाले?' (भाऊ, हा फ्रिज कितीला?) विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला बिल नकोच असतं. तरीही द्या. जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून भासवणं आणि बिल न देणं, दोन्ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथा आहेत. बिलावर 'वापरलेली, दुरुस्त केलेली वस्तू' असं ठळक लिहा. त्याखाली सीरियल नंबर, कोणते भाग बदलले, कोणता गॅस, किती दिवसांची हमी आणि हमीत काय येत नाही. आपल्याकडे शेतातल्या घरी व्होल्टेज खालीवर होतं, कॉम्प्रेसर त्यातच जळतो. 'स्टॅबिलायझरशिवाय वापरल्यास कॉम्प्रेसरची हमी नाही' ही ओळ बोलून दाखवा आणि लिहाही.

विकण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं) बॉडी आणि लाइन तपासून रीडिंग बिलावर टाका. एक मेगाओहमच्या खाली आलं तर वस्तू दुकानाबाहेर जाऊ देऊ नका. वॉशिंग मशीन ओल्या मोरीत उभं राहणार असतं.

जीएसटीचं थोडक्यात. नुसता माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांची उलाढाल होईपर्यंत नोंदणी नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण तुम्ही दुरुस्तीची मजुरीही घेता, म्हणजे सेवाही देता. मग मर्यादा २० लाखांवर येते. नोंदणी झाली की सीएकडून जीएसटी नियमांतला नियम ३२ चा उपनियम ५ समजून घ्या. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला खरेदी आणि विक्रीच्या फरकावरच कर भरता येतो. अट इतकी की खरेदीवर क्रेडिट (आधी भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलेलं नसावं आणि दुरुस्तीनं वस्तूचं स्वरूप बदललेलं नसावं. ३,००० ला घेतलेला फ्रिज ६,५०० ला गेला, तर १८ टक्के ३,५०० वर, म्हणजे ६३० रुपये. पूर्ण किमतीवर धरले तर १,१७०. हा फायदा मिळवायला खरेदीची किंमत सिद्ध करावी लागते, म्हणजे पुन्हा तीच पाचव्या पायरीची वही.

## ९. सूट असतानाही नोंदणी कधी घ्यावी

कॉलेज, मोठी हॉस्पिटलं, बँका यांच्याकडचा जुना माल एकगठ्ठा मिळावा अशी इच्छा असेल, तर नोंदणीचा विचार करा. वर्षात कधीही किमान १,००० उपकरणं वापरात असलेली संस्था नियमांच्या भाषेत मोठी ग्राहक ठरते, आणि तिनं आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलरलाच द्यायचा असतो. तिथे तुमचं उद्यम प्रमाणपत्र कुणी विचारणार नाही, थेट नोंदणी क्रमांक मागतील.

अर्ज केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर होतो. पॅन, जीएसटी, जागेचे आणि यंत्रांचे तपशील, दुरुस्तीची क्षमता, राज्य मंडळाचा कागद तयार ठेवा. क्षमता फुगवून लिहू नका. त्यानंतर दर तिमाहीचं आणि वर्षाचं विवरण पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत भरावं लागतं. एप्रिल-जूनचं ३१ जुलैपर्यंत. दुरुस्तीतून निघालेला कचरा नोंदणीकृत रिसायकलरलाच द्यायचा, त्याची नोंद पोर्टलवर चढवायची, आणि ज्या वस्तूंना बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) मानकं लागतात त्या दुरुस्तीनंतरही त्यात बसायला हव्यात. संगणकावर नियमित बसणारं घरात कुणी नसेल तर दोन वर्षं किरकोळ धंदा करा, मग बघा.

## १०. नेहमीचे सापळे

स्वतःचं स्टिकर. जुन्या पॅनेलला नवं किट लावून त्यावर आपल्या दुकानाचं ब्रँडनाव चिकटवलं की तुम्ही दुरुस्ती करणारे राहत नाही, उत्पादकाच्या व्याख्येत जाता. टीव्हीला तर वरून इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाची सक्तीची नोंदणी आहे. नामांकित कंपनीचं स्टिकर लावणं ही सरळ फसवणूक.

जुने स्टार. २०१२ चा पाच स्टारचा फ्रिज आजच्या मोजमापात पाच स्टार नसतो, निकष कडक होत गेलेत. मूळ लेबल आहे तसं राहू द्या, नवं छापून लावू नका आणि 'पाच स्टार' म्हणून विकू नका.

'सगळं करून देतो' म्हणणारा एजंट. मंडळाचं, शॉप ॲक्टचं, उद्यमचं एकत्र पॅकेज सांगतो. त्याच्या मोबाइलवर आणि ईमेलवर खाती उघडली गेली की पुढच्या वर्षी पासवर्डसाठी पुन्हा त्याच्याच पाया पडावं लागतं. एजंट लावा हवं तर, नंबर आणि ईमेल मात्र आपलाच.

घरगुती मीटर. ओसरीत किंवा घराच्या मागच्या खोलीत काम सुरू केलं आणि वीज घरगुती मीटरवरच चालू ठेवली, तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. एसी तपासायला तासन्‌तास चालवावे लागतात, युनिट लपत नाहीत. पहिला फ्रिज विकत घेण्याआधी महावितरणकडे व्यावसायिक जोडणीचा अर्ज टाका. त्यालाही भाडेकरार आणि शॉप ॲक्टची पावतीच लागते, म्हणून तिसऱ्या पायरीच्या प्रती दोन जास्तीच्या काढून ठेवा.